कच्चा टाका

शेजारच्या कारखान्यातला चादरीचा माग बंद पडला, तेव्हा दुरुस्तीला आलेला मिस्त्री आमच्याकडे इस्त्री मागायला आला. पन्नाशीचा असेल. चष्म्याला दोरी, बोटं पोळलेली.

"मावशी, हितंच बसून करतो."

मग मी कशी उठणार? बघतच बसले. मागाचं सर्किट जळालं होतं, तसलं बाजारात मिळेना, म्हणून हा स्वतः बनवत होता. गुळगुळीत कागदावर छापलेल्या रेघा इस्त्रीनं तांबं चढवलेल्या पाटीवर उठवायच्या, त्याही दोन्ही बाजूंनी. इकडून पाडलेलं भोक तिकडच्या टिकलीएवढ्या गोलातच निघायला हवं. दोन पाट्या वाया गेलेल्या, ही शेवटची.

"एक बाजू लई सोपी, मावशी. दुसरीला कागद सरकतोय बघा."

"अहो, अस्तर लावताना कापड सरकू नये म्हणून आम्ही आधी कच्चा टाका घालतो की!"

मी खिडकीच्या उजेडात दोन्ही कागद धरून गोलावर गोल आणला. लाल दोऱ्यानं तीन बाजू शिवून पिशवी केली, तिच्यात पाटी सरकवली. त्यानं बोटांवर फुंकर मारत इस्त्री फिरवली. कागद भिजवून सोलला, कोपऱ्यात एक भोक पाडलं आणि श्वास रोखून पाटी उलटली.

बरोबर गोलाच्या मधोमध!

"आलं की ओ, मावशी!" असा ओरडला, की शेजारीण धावत आली.

मग त्यानं खिशातून वही काढली. "काय म्हणालात? कच्चा टाका?" सर्किटच्या आकृत्यांमध्ये ते लिहून खाली दोन रेघा मारल्या. इतकी वर्षं शिवतेय मी, पण माझं शिवण वहीत लिहून घेणारा तो पहिलाच.