कागदावरून ऐकणारी शकीला

रविवारी सकाळी मिरजेहून शकीलाच्या भावाचा फोन आला. "ताई, आपा गेली... चहा घेतला आणि बसल्या जागी गेली." आदल्याच दिवशी मी शकीलाला एसटीत बसवून दिलं होतं. खिडकीतून ती हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि मी नेहमीप्रमाणे कळल्यासारखी मान हलवली होती. काय सांगत होती, ते आता कोण सांगणार? मी मिरजेला पोचले तेव्हा लोक माती देऊन परतत होते. याला महिना होऊन गेला, पण अजून मधूनच ती खिडकी डोळ्यांपुढे येते.

शकीला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायची, मी मराठी. जत तालुक्याच्या पार कडेला, जिथे निम्मी मुलं घरी कानडी बोलतात, तिथे आम्ही एकाच वर्षी रुजू झालो. तिचं घराणं तंबोरे बनवणाऱ्यांचं. भोपळ्यांच्या ढिगात खेळून ती मोठी झालेली. मला मात्र सूर म्हणजे काय, हे आजतागायत कळलेलं नाही. प्रार्थनेला मी तोंड उघडलं, की ती कोपराने ढोसायची. एका शनिवारी तिने भावाकडचा जुना तंबोरा एसटीतून आणला, मुलांना डोळे मिटायला लावले आणि तारा छेडत राहिली. "ऐकू येईल ते काढा," एवढंच सांगितलं. तिला वाटलं होतं, कागदांवर रंगांचे लोट उठतील. मुलांनी टँकर काढले! एकजात सगळ्यांनी. पाण्याचा टँकर, पुढे ड्रायव्हर, मागे हंड्यांची रांग. मी हसून हसून बेजार. शकीला आधी खट्टू झाली, मग ते कागद मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बघत बसली. "हसू नको गं. लांबनं घुमत येतंय ते पाणीच असतंय ह्यांच्या लेखी. बरोबरच काढलंय की पोरांनी."

मग ती विचारू लागली, टँकर आला, आता पुढं काय ऐकू येतंय? शनिवारमागून शनिवार गेले, टँकर पुसट होत गेले आणि नुसते रंग उरले. भागव्वा नावाच्या धनगराच्या पोरीने एक पट्टा काढला, खाली गडद निळा, वर जाता जाता फिकट होणारा. "हंडा भरतोय बाई. भरत आला की आवाज बारीक हुतोय." बाहेर रखरखीत ऊन, आत तो संथ नाद... पंख्याखाली मला गुंगी यायची आणि अर्धवट झोपेत वाटायचं, वर्गात पाणी चढतंय.

पुढे शकीलाचेच कान जाऊ लागले. मिरजेत डॉक्टर काय कमी! पण नस सुकत चाललीय, असंच सगळ्यांनी सांगितलं. कानाच्या मशीनमधून तंबोरा पत्र्यासारखा वाजायचा. तिचा जीव त्या शनिवारच्या तासात अडकलेला. "सूर मला कळेना आणि पोरांपुढं बसायचं, म्हणजे फसवणंच की," म्हणाली आणि तंबोरा परत न्यायला निघाली. मला तिचा असा राग आला! पण बोलण्याआधीच भागव्वा दारात आडवी आली. "आवं बाई, मी लावती की तारा. तुमी बसा नुसतं."

त्या दिवसापासून भागव्वा वाजवायची आणि शकीला भिंतीशी बसून कागद बघायची. बाईंना आता यातूनच ऐकू जातं, हे मुलांना फार लवकर कळलं. मग काय, एकेक जण जीव ओतू लागला. एखाद्या कागदावरचा तपकिरी फटकारा बघून ती म्हणायची, "खालची तार उतरली काय गं?" भागव्वा तपासायची... आणि उतरलेली असायची. मला ते खरं वाटायचं नाही, अजूनही पुरतं वाटत नाही. पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

ती गेल्यानंतरच्या शनिवारी तास घ्यायला मीच गेले. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण मुलांना घरी तरी कसं पाठवायचं? भागव्वाने तारा लावल्या. नाद घुमू लागला, कागद पसरले, वाट्यांमध्ये पाणी भरून झालं. एकानेही ब्रश उचलला नाही. शेवटी पुढच्या रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, "बाई, आता कुणाला ऐकवायचं?"

मला रडू आवरेना. तशीच उठले आणि शकीलाच्या जागी, भिंतीशी जाऊन बसले. "मला," म्हटलं, आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

मुलं थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग एकेक डोकं कागदावर वाकलं.