मामांचं वाजणारं टायपिंग

"असा माणूस आख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा न्हाई. अन् असलाच, तर त्याच्या बायकोचा नंबर द्या मला, दोघी मिळून रडू," मामी स्वयंपाकघरातून फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती. बाहेरच्या खोलीत तो माणूस, म्हणजे माझे धाकटे मामा, लॅपटॉपसमोर मांडी घालून बसले होते. लॅपटॉपमधून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आणि हलगी असं सगळं एका तालात येत होतं. मी उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होते. मामीचं बोलणं मला अजिबात वाढवून सांगितल्यासारखं वाटलं नाही. उलट जिल्हा हे माप जरा लहानच वाटलं.

मामांची चौसाळ्यात मंडप आणि साऊंडची सर्व्हिस आहे. हायवेच्या दोन्ही बाजूंच्या गावांतली लग्नं, जयंत्या, उद्घाटनं त्यांच्याच स्पीकरच्या बॉक्सवर वाजायची. एवढ्यावर एखादा साधा माणूस सुखी झाला असता, पण मामांना दरवर्षी एक नवा शोध लागतो. एका वर्षी त्यांनी गच्चीवरच्या टाकीत मोत्यांची शेती केली. शिंपल्यांनी मोती दिले नाहीत, वास मात्र हात आखडता न घेता दिला. मग मधमाश्या आणल्या. त्या आठवडाभरातच शेजाऱ्यांच्या लिंबावर राहायला गेल्या आणि मामा रोज संध्याकाळी लिंबाखाली उभे राहून, रुसून माहेरी गेलेल्या बायकोला समजवावं तसं त्यांना समजावत. "ह्यात फ्युचर हाय" हे वाक्य मामांच्या तोंडून निघालं, की मामी घरातलं एखादं चांगलं पातेलं लपवून ठेवते. कारण फ्युचरला प्रत्येक वेळी एक पातेलं लागतंच.

यंदाचं फ्युचर त्यांना अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण कशी घालवायची याचा व्हिडिओ शोधताना सापडलं. अंधाऱ्या हॉलमध्ये एक परदेशी बाई कीबोर्डवर काहीतरी टाईप करत होती, तिच्या ओळी मागच्या पडद्यावर उमटत होत्या, आणि समोरची गर्दी त्या ओळींमधून निघणाऱ्या संगीतावर बेभान नाचत होती. गायक नाही, वाद्य नाही, फक्त टायपिंग. ही संगीत वाजवायची प्रोग्रॅमिंगची भाषा होती: तुम्ही हुकूम लिहायचे, कॉम्प्युटरने ते वाजवायचे. मला तो व्हिडिओ दाखवताना मामांचे डोळे भरून आले होते. "टायपिंगवर नाचायलेत बघ माणसं! टायपिंगवर!"

यातलं गांभीर्य कळण्यासाठी मामांच्या भिंतीवरची फ्रेम बघायला हवी. तरुणपणी ते अंबाजोगाईला खोली करून राहिले आणि मराठी व इंग्रजी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास झाले. ते सर्टिफिकेट देव आणि आजोबा यांच्या मधोमध लावलेलं आहे. त्यावर त्यांना नोकरी कुणी दिली नाही, आणि ते वाट बघत होते तोवर ऑफिसांतले टाईपरायटरच गेले. पण बोटं कशी जाणार? मामा आजही लॅपटॉप टाईपरायटरसारखा बडवतात, आणि ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप उठून नसलेला दांडा उजवीकडे ढकलतो. एकदा त्या हाताने मामीने आणलेला चहा ढकलला. "निदान दांडा तरी बसवून घ्या त्याला," मामी फरशी पुसत म्हणाली.

या प्रकरणात माझी नेमणूक दुभाषी म्हणून झाली. मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे आमच्या खानदानात माझं इंग्रजी ही सामाईक मालमत्ता आहे. कुकरचं माहितीपत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी, फवारणीच्या औषधाची बाटली, सगळं माझ्यासमोर येतं. मी वाचते आणि कमीत कमी शब्दांत सांगते. शाळेत मराठी बोललं की ओरडा बसायचा, घरी इंग्रजी बोललं की हशा व्हायचा. मधली जागा मला सोयीची वाटली आणि मी तिथेच राहिले. मामांना माझ्या गप्प बसण्याची अडचण कधीच नव्हती. ते दोघांचंही बोलून घेत. "मेडम, तुजी भाषा हाय ही. अवघड हाय म्हणती? न्हाई, सोपी हाय म्हणती."

सोपीच होती. 'प्ले' म्हणजे वाजव आणि 'स्लीप' म्हणजे थोडं थांब, हे तिचे मुख्य हुकूम. गंमत अशी, की पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यात तुम्ही कुठेच 'स्लीप' लिहिलं नाही, तर मशीन तो तुकडा वाजवायलाच नकार देतं. मामांनी हे तत्त्वज्ञान म्हणून उचललं. ग्रामसभेत ते उठून म्हणाले, "सरपंच, तुमच्या भाषणात स्लीप न्हाई, म्हणून ते डोक्यात शिरंना." मामीलाही एकदा म्हणाले. एकदाच. माझ्याकडे बघून मात्र हळहळले. "तुझं उलटं हाय, मेडम. तू नुसतं स्लीपच लिवून ठिवलंय. प्ले कवा लिवणार?" मी मान हलवली. माझ्या या मान हलवण्याचा अर्थ ज्याला जो हवा तो घेता येतो.

मग आवाज गोळा करायची मोहीम निघाली. मोबाईल हातात धरून मामा एका शेळीवाल्याच्या मागे माळावर इतके फिरले, की शेवटी तो वैतागून म्हणाला, "साऊंडवाले, शेळी घ्यायची हाय का नुस्ती आयकायची?" मामांना आता तयार गाणी नकोशी झाली. "पेन ड्राईव्हवरचं गाणं म्हंजी हाटेलातलं वरण," असं ते गिऱ्हाइकांना तोंडावर सांगू लागले. गिऱ्हाइकांना हाटेलातलंच वरण आवडत होतं. ती निमूटपणे गेवराईच्या डीजेकडे गेली.

तेवढ्यात मामांच्या मुलीचं, पल्लवीताईचं लग्न ठरलं. नवऱ्याकडच्यांनाही तो गेवराईचा डीजेच हवा होता, पण ताई म्हणाली, "माझ्या लग्नात पप्पाच वाजवतील." मामीने त्या रात्रीच्या भाकरी थापताना निकाल दिला. "आवो, पोरीनं शब्द टाकलाय म्हणून म्हणते, एकदा वाजवा. नीट झालं तर ठेवा ते, मी बोलणार न्हाई. पण पाव्हण्यांत शोभा झाली, तर ते डबडं माझ्या भाच्याला गेम खेळायला देऊन टाकीन." मामांचा डावा हात उठला आणि अर्ध्यातच थांबला.

मुहूर्ताला वधूपित्याला स्टेजवर उभं राहावं लागतं, तिथून टाईप करता येत नाही. म्हणून मामांनी असा प्रोग्रॅम लिहिला, की पत्रिकेतल्या वेळेला, बारा पस्तीसला, संगीत आपोआप सुरू व्हावं. ही चूक मशीनच्या फार नादी लागलेल्या माणसाकडूनच होऊ शकते. आमच्याकडे पत्रिकेतला मुहूर्त हा पाहुण्यांनी घरातून कधी निघावं याचा अंदाज असतो. लग्न लागतं ते साहेब, म्हणजे भागातले पुढारी, आल्यावर, त्यांना फेटा बांधून झाल्यावर आणि त्यांचं भाषण संपल्यावर. शेकडो लग्नं वाजवलेल्या मामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तेव्हा त्यांच्याकडे पेन ड्राईव्ह होता, ते साहेब खाली बसायची वाट बघत. आता त्यांच्याकडे भाषा होती.

मी स्टेजच्या बाजूला साऊंडच्या टेबलापाशी होते. भाचरं आणि चुलते यांना लॅपटॉपपासून लांब ठेवणं हे माझं काम. साहेब फेटा बांधून माईकपुढे उभे होते, या भागाचा विकास नुकताच सुरू झाला होता. ताईचा मेकअप चालू होता. लोक मुठीत अक्षता घेऊन, त्या घामाने भिजेपर्यंत, ऐकल्यासारखं करत होते. आणि बारा पस्तीसला सगळ्या बॉक्समधून मोटारीचा स्टार्टर खर्रकन कडाडला, घंटा किणकिणल्या आणि हलगी सुटली.

वाजलं म्हणजे लग्न लागलं, हे आमच्या हातांना पाठ आहे. आख्ख्या मांडवाने अक्षता उधळल्या. स्टेजवर पुढे साहेब एकटेच होते, त्या त्यांच्यावर पडल्या. मागच्या रांगा तर उठून जेवायला पळाल्यासुद्धा. साहेबांनी मिशीतला तांदूळ काढला, हात जोडले, "चालू द्या तुमचं" म्हणाले आणि गाड्यांचा ताफा निघून गेला. ते चिडले असते तर परवडलं असतं.

"काय हो हे पाव्हणं?" ताईचे सासरे पुढे आले. "शोभा केली की आमची! इथून पुढं साहेब आमच्या दारात येतेल का?"

मामी एवढंच म्हणाली, "बंद करा ते."

मामा स्टेजवरून उतरून टेबलापाशी आले. संगीत थांबवलं, झाकण हळूच लावलं आणि खांद्यावरचा टॉवेल काढून लॅपटॉपवर पसरला, टाईपरायटरवर कव्हर घालतात तसा. सगळीकडून त्याची चारही टोकं नीट केली. माझ्याकडे बघितलं नाही. परत वर जाऊन उभे राहिले.

आता कुणाची वाट बघायची उरली नव्हती, म्हणून भटजींनी घाई केली. ताईला आणलं, अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या. आमच्या घराण्यात मुहूर्ताच्या इतक्या जवळ लागलेलं हे पहिलंच लग्न असावं, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटचं "सावधान" झालं. लोकांनी खाली सांडलेल्या अक्षता उचलून पुन्हा उधळल्या. अंतरपाट दूर झाला.

आणि काहीच वाजलं नाही.

ताई हार हातात धरून वडिलांकडे बघत होती. मामा टॉवेलकडे बघत होते. मामी पायांकडे. सासऱ्यांनी फोन काढला होता, बहुधा गेवराईला लावायला. या क्षणी प्रत्येक लग्नात कुणीतरी एक शब्द ओरडतं. तो नेहमी दुसरं कुणीतरी ओरडतं, म्हणून मी तो कधी शिकलेच नव्हते. आज सगळे एकमेकांची वाट बघत होते, आणि ती शांतता कुणी लिहिलेली नव्हती.

मी टॉवेलची घडी करून बाजूला ठेवली आणि झाकण उघडलं. मामांच्या ओळी जिथल्या तिथे होत्या. एक बटण दाबलं की झालं असतं, तेवढं मला येत होतं. पण ते दाबणारी बोटं माझी असून चालणार नव्हतं. मी लॅपटॉप स्टेजच्या कडेला, मामांच्या पायांशी सरकवला. समोरचा साहेबांचा माईक अजून चालू आहे हे माझा आवाज सगळ्या बॉक्समधून घुमून परत आला तेव्हा मला कळलं. फार मोठा नव्हता तो.

"मामा, वाजवा."