तलावापलीकडची आमची खिडकी

लंबू म्हणजे माझा भाचा. चाळिशी आली, पण उंची सोडली तर काही वाढलं नाही, केस तर उलट कमीच झाले. दिवसभर स्टुडिओतल्या खुराड्यात पासपोर्टचे फोटो काढतो. ‘हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका.’ हे इतकं म्हणून झालंय की घरीही हसायचं विसरलाय मेला.

त्याची चैन एकच. अंधार पडताना शहराच्या तलावावर जायचं, स्टँड रोवायचा आणि पलीकडच्या उंच इमारतींचे दिवे टिपायचे. त्यातच सातव्या मजल्यावर आमची खिडकी. खिडकीशी दादा, माझा भाऊ नि लंबूचा बाप, अर्धांगवायूनं खाटेला खिळलेला. फोनवर त्याचं बोलणं कुणाला समजत नाही, म्हणून दिव्याचं बटण हाताशी दिलंय. दिवा दोनदा मिचकावला की लंबूनं गाशा गुंडाळायचा. दादाला कधी तहान लागते, कधी उशी सरकते, कधी नुसतंच करमत नाही. पाण्यात दिवे उतरायला लागले रे लागले, की ह्याचं मिचकावणं सुरू!

तशात स्टुडिओचा मालक म्हणाला, “दर्शनी भिंतीला शहराचा रात्रीचा मोठा फोटो हवाय. उद्यापर्यंत दे. खाली तुझं नाव.” लंबूची स्वतःचीच हनुवटी वर!

मी दादापाशी बसायला गेले. “लंब्या, आज निवांत काढ. मी आहे.”

“आत्या, तू आहेस म्हणूनच काळजी,” म्हणाला नि पळाला.

अंधारलं. दादाचा हात सारखा बटणाकडे.

“काय हवंय?”

“काही नाही गं. सवय.” मग स्वतःच म्हणाला, “दिवा बंदच करतो. म्हणजे हात वळवळणार नाही. काढू दे पोराला.”

केला बंद. बसलो दोघं भुतांसारखे, लहानपणीच्या चहाड्या उगाळत.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. लंबू घामाघूम, स्टँडचे पाय उघडेच, तो दारात आडवा अडकलेला आणि त्याच्यामागे हा.

“अण्णा! अण्णा!”

“अरे, हळू! आहेत तुझे अण्णा.”

खिडकी काळी दिसली आणि त्याला काय वाटलं असेल, ते सांगायला नको. तलावापासून धावत आला होता.

दादानं दिवा लावला. “फोटो?”

एकच निघाला होता. काय सुरेख! सगळं शहर झगमगतंय, पाणी काचेसारखं, आणि मधोमध एक काळं भोक. आमची खिडकी.

“कुणाला कळणारे? दे हाच,” मी म्हटलं.

“नको आत्या.” माझ्यादेखत पुसून टाकला.

मालकानं दुसऱ्याच कुणाचा फोटो लावला. लंबू त्याच्याच खाली बसून लोकांच्या हनुवट्या उचलतो.

परवा मीही तलावावर गेले. स्टँड रोवून हा नुसता खिडकीकडे बघत उभा.

“अरे, काढ की!”

“थांब. कॅमेऱ्यात बघितलं की खिडकी नजरेतून सुटते. अण्णांनी अजून बोलावलं नाही.”

दिवा दोनदा मिचकावला. कॅमेऱ्याचं झाकणसुद्धा निघालं नव्हतं. तसाच त्यानं तो पिशवीत घातला.

“चल आत्या.”