बिनतिखटाचा खेकडा

मला गावजेवणाचं मटण करता येतं. फुशारकी नाही, आमच्या कवठे गावात कुणालाही विचारा. जावळाचं बोकड असो नाहीतर जत्रेचं, माणसं मला बोलवायला येतात. आमच्याकडं वशट बाप्यांनी करायचं आणि घराबाहेर करायचं. देव्हाऱ्यासमोरच्या गॅसवर मटण-मासळी चढत नाही. घरामागं परड्यात तीन दगड, त्यावर डेग, आणि डेगीत माझ्या हाताएवढा डाव. मीठ मी ओंजळीनं टाकतो, तिखट डोळ्यानं मोजतो, आणि कुणी शहाणपणा शिकवायला आला की त्याला तिथून हाकलतो. स्वभाव आहे, साठी उलटली तरी जात नाही.

पण एका माणसाचं जेवण मी कधी केलं नव्हतं. ती वेळ आमच्या हिच्या तोंडाच्या ऑपरेशननंतर आली.

हिला मशेरीची सवय. माहेर दौंड तालुक्यातलं, भीमेच्या काठाचं; तिथून येताना रुखवतात भांडी आली आणि तोंडात मशेरी आली. मी लाख वेळा ओरडलो असेन. गालाच्या आत पांढरा चट्टा पडला, त्याची गाठ झाली, आणि पुण्याला न्यावं लागलं. डॉक्टरांनी गाल आणि जबड्याचा तुकडा काढला, मांडीचं मांस आणून तिथं लावलं, मग किरणांचा शेक दिला. ती वाचली. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकताना लोकांना वाटतं मी रडगाणं गातोय. ती वाचली आणि मी येमाईला नारळ फोडला.

पण घरी आली ती दुसरीच बाई. जिची हाक तीन वावरं ओलांडून मला यायची, ती बोलेनाशी झाली. शब्द तिरपे यायचे, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. शेजारच्या बाईनं एकदा "काय म्हणली गं?" असं दोन-तीनदा विचारलं. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण त्या दिवसापासून हिनं तोंड मिटलं ते मिटलंच. काही हवं असलं की ताटावर वाटी आपटायची. जिभेवर चव म्हणून राहिली नाही, तोंडात लाकूड ठेवल्यासारखं वाटतं, हे तिनं हॉस्पिटलात असताना सांगितलं होतं. तेच शेवटचं धड वाक्य.

डॉक्टर तिचं तोंड बोटं उभी लावून मोजायचे. धडधाकट माणसाचं तीन बोटं उघडतं, हिचं दीड. घास आत जायचा तेवढाच कोपऱ्यातून बाहेर यायचा. म्हणून ती भिंतीकडं तोंड करून, पदर आडवा धरून जेवायची. मी तिथं असलो की वाटी आपटायची. म्हणजे बाहेर जा.

नाकातली नळी नुकतीच काढली होती. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वजन असंच उतरत राहिलं तर नळी परत घालावी लागेल." हिनं ते दारातून ऐकलं. शिरूर येईपर्यंत गाडीत ती माझा दंड घट्ट धरून बसली होती. नळी नको, एवढंच तिचं म्हणणं. आणि जेवण तर जात नव्हतं.

दुधात कालवून द्यायची एक पावडर होती, व्हॅनिलाच्या वासाची. ही पेला घेऊन परड्यात जायची आणि रिकामा घेऊन यायची. मी खूश. मग शेजारचं मरतुकडं कुत्रं तुकतुकीत दिसायला लागलं तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. "मरायचंय का तुला?" म्हणून मी ओरडलो. तिनं वाटी आपटली.

खेकड्याचं वेड मात्र हिला लहानपणापासूनचं. आम्ही शिरूरकडची माणसं रस्सा ओरपतो आणि खेकडा टाकून देतो, असं ती मला नेहमी हिणवायची. "तुमी पानीच पेता. खेकडा कवा खाल्लाय तुमी?" ती स्वतः नांगी दाढेखाली धरायची, कट्ट करून आवाज व्हायचा, आणि आतलं मांस अख्खंच्या अख्खं बाहेर यायचं. बाकीच्यांची जेवणं उरकून भांडी घासून झाली तरी हिचं चालूच.

एकदा बाजारात मला घोडनदीचे खेकडे दिसले, काळेभोर, बादलीत चढाचढी करणारे. डोकं चालायच्या आधी मी घेऊन मोकळा झालो. परड्यात बादली ठेवली. ही आली, वाकली, एक खेकडा पाठीमागून नेमका धरून उचलला, त्याचं पोट दाबून बघितलं, परत बादलीत सोडला. आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. मायला, जिचा जबडा गेलाय तिला मी काय दाखवायला आणलं?

मुलगी पुण्यात नोकरीला असते. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, क्रॅब केक करा ना."

"केक? मंग मेणबत्त्या बी लावू का?"

"अहो, मांस काढून त्याच्या वड्या करायच्या. मऊ असतात. व्हिडिओ पाठवते."

व्हिडिओतला आचारी डब्यातून मुठीमुठीनं मांस काढत होता. त्याचं बरं आहे. आमच्या नदीच्या खेकड्यात मूठभर मांसाला पाटीभर खेकडे लागतात. तरी बसलो. खेकडे उकडले, गार केले, पाठी काढल्या, नांग्या बत्त्यानं हलक्या फोडल्या, आणि कांद्याच्या गोण्या शिवायचं दाभण उकळत्या पाण्यातून काढून त्यानं एकेक पायातलं मांस कोरत बसलो. दुपार गेली. उकडलेला बटाटा, अंडं, बेकरीतल्या टोस्टचा चुरा. तिखट चालणार नव्हतं, आंबट चालणार नव्हतं, कुरकुरीत तर नाहीच नाही, तिच्या तोंडात सगळं सोललेलं. तरी माझा हात दोनदा तिखटाच्या डब्याकडं गेला. हाताला काय कळतं?

डेगीच्या दगडांवर तवा बसेना, मध्ये विटा घालाव्या लागल्या. बटाटा पाणचट निघाला आणि वड्यांची तव्यावरच भुर्जी झाली. ती मी आणि आमच्या आळीतल्या आप्पांनी खाल्ली. आप्पा म्हणाले, "ह्ये आजाऱ्याचं जेवान हाय, का मानूस आजारी पाडायचं?" उठवलं त्यांना तिथून.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या खेकड्यांचे वडे छान जमले. गोल, गुबगुबीत, एकही फुटला नाही. हौसेनं ताट हिच्यापुढं ठेवलं. तिनं आपली दोन बोटं वड्याला उभी लावली, मग तीच बोटं तोंडाला लावली, आणि ताट माझ्याकडं सरकवलं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वडा म्हणजे मुठीएवढा, हे इतकं पक्कं बसलेलं की ज्या तोंडासाठी एवढा खटाटोप, त्याचं माप घ्यायचं मी विसरलो. स्वतःचाच इतका राग आला की वडे कुत्र्याला घातले. त्या कुत्र्याचं नशीबच थोर.

मग परत खेकडे आणले. अर्ध्यांचं मांस काढलं, अर्धे बादलीत राहू दिले. या वेळी वड्या माझ्या करंगळीपेक्षा पातळ थापल्या. तव्यावर झाकण ठेवून वाफेतच शिजवल्या, म्हणजे कड मऊ राहील. आणि जखमेला झोंबेल या भीतीनं मीठसुद्धा घातलं नाही. माझ्या हातून बिनमिठाचं काही शिजेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ही परड्यातच ओट्यावर बसली, नेहमीसारखी भिंतीकडं तोंड करून. वाटी आपटली. मी गेलो नाही. जाळ सारखा करायचं निमित्त काढून चुलीपाशी बसून राहिलो. तिच्या पाठीकडं बघत होतो. एक वडी गेली असावी. दुसरीला हात थांबला. तिनं तोंडात बोट घातलं, बराच वेळ आत काहीतरी शोधलं, आणि वळली. तळहातावर कवचाचा तुकडा होता. पांढरा, धारदार, नखाएवढा.

तोंडातली कातडी इतकी नाजूक की साधा चपातीचा पापुद्राही लागायचा. जखम झाली तर भरायची नाही, मग जेवण बंद, मग पुणं, मग नळी. "रगात आलं का? आ कर, बघू दे मला," म्हणत मी धावलो, तर तिनं माझा हात झटकला.

"डोळं फुटलं व्हतं का तुमचं?"

तिनं तो तुकडा माझ्या नाकापुढं धरला.

"येवढं कवच ठिवलंय आत! आन् मीठ? मीठ काय माझ्या बापानं येऊन घालायचं?"

शब्द तिरपे होते. लाळ गळत होती, हनुवटीवर बटाट्याचा कण होता. पदर तिनं तोंडाकडं नेलाच नाही, तो खांद्यावरच राहिला. ती सरळ माझ्याकडं तोंड करून माझ्यावर भडकली होती, आणि एकही शब्द मला परत विचारावा लागला नाही.

"अगं, डॉक्टर म्हणलं झोंबंल म्हणून..."

"डॉक्टरला ठिवा तिकडं. मीठ आना जावा."

मी आत गेलो. मिठाची बरणी हातात घेतली आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मीठ नाही हे तिला कळलं होतं. त्या लाकडासारख्या जिभेला कळलं होतं. बरणी छातीशी धरून मी देव्हाऱ्यासमोर उभ्या उभ्या रडलो. बाप्या माणसानं रडू नये वगैरे मला माहीत आहे. रडलो, चांगला हुंदके देऊन रडलो, मग टॉवेलनं तोंड पुसलं आणि बाहेर आलो.

ताट रिकामं होतं. ती बोटानं ताटाची कड निपटून घेत होती.

"अगं, मीठ आनलंय ना..."

"आजून हाय का?"

"न्हाई. तेवढंच व्हतं."

तिनं पायानं बादली माझ्याकडं सरकवली.

"मंग करा की. उभं काय ऱ्हायलाय?"