मामाचा हात आणि दहा लिटर पाणी

माझा मामा गीझर दुरुस्त करतो. अख्ख्या वस्तीच्या आंघोळी त्याच्या जिवावर होतात आणि स्वतः मात्र सुट्टीच्या दिवशी आंघोळीला टाळाटाळ करतो. त्याची कीर्ती आहे ती हाताची. नळाखाली हात धरायचा, डोळे मिटायचे आणि ‘बेचाळीस’ असा निकाल द्यायचा. खिशातून थर्मामीटर काढणाऱ्या मिस्त्र्यांना तो ‘कंपाउंडर’ म्हणतो. हात गेला की मिस्त्री गेला, हे त्याचं पालुपद. नोकरीसाठी त्याच्याकडे राहायला आल्यापासून मी ते रोज ऐकते.

मामीकडे एक मासा आहे. फायटर जातीचा. शेजारचं बिऱ्हाड हललं तेव्हा दहा लिटरच्या काचेच्या टाकीसकट तिच्या गळ्यात पडला. रंगाने निळा, वागण्यात भलताच फणकारा. आधी त्याला ‘ब्याद’ म्हणणारी मामी आता मामापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलते. मामाच्या मते मासा मध्येच बोलणं तोडत नाही, एवढंच त्याचं कौतुक.

थंडी पडली आणि फायटरने लढाई सोडली. तळाशी पडून राहायचा, दाणा नाकासमोरून गेला तरी ढुंकून बघायचा नाही. मामीचंही जेवणावरचं लक्ष उडालं.

"हा गेला ना, तर हे घर मला खायला उठेल," ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. मामा दिवसभर लोकांच्या बाथरूममध्ये, मी ऑफिसात.

आम्ही तिघं माशांच्या दुकानात गेलो. दुकानातली बाई खमकी होती. "पंचवीस वॅटचा हीटर घ्या, आपोआप बंद-चालू होणारा. पाणी थोडं असलं की झटकन तापतं, मोठा हीटर लावलात तर मासा उकडून निघेल. पूर्ण बुडवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पाणी बदलायच्या आधी प्लग काढायचा आणि जरा थांबायचं. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे थेंब ओघळला तरी बोर्डात शिरणार नाही. आणि थर्मामीटर वेगळा घ्या. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका."

"पंचवीस वॅटमध्ये माशीसुद्धा शेकणार नाही," मामा म्हणाला आणि त्याने हीटर, थर्मामीटर दोन्ही परत सरकवले. "हा हात काय भाजी चिरायला ठेवलाय?"

"भाजीसुद्धा चिरत नाही तो," मामी म्हणाली. पण मामा तोवर दुकानाबाहेर पडला होता.

रविवारी त्याने बादलीत पाणी तापवायचा रॉड आणला. आधी मासा त्याच्याच पाण्यासकट मगमध्ये काढला, एवढी अक्कल त्याने दाखवली. मग काठीला अडकवून रॉड टाकीत सोडला. मामीने चहा केला, आम्ही तो प्यायलो, कप विसळले. मग मामाने प्लग काढला, पाण्यात मनगटापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले.

"कोमट. एकदम फर्स्ट क्लास!" म्हणत त्याने माशाचा मग उचलला.

मामीने त्याचा हात धरला आणि टाकीत बोट बुडवलं. "आई गं! हे कोमट? यात बटाटे शिजतील!"

"तुझं बोट नाजूक."

मी बोट घातलं आणि तसंच काढलं. मामीने माशाचा मग हिसकावून घेतला, पोटाशी धरला आणि मामाला अशी काही विशेषणं लावली की ती लिहायची माझी टाप नाही. मामा एक अक्षर बोलला नाही. हा माणूस चुकल्यावर तर जास्तच भांडतो, त्यामुळे मला ते विचित्र वाटलं.

मी दुकानात धावत गेले. बाईने काही न विचारता पंचवीस वॅटचा हीटर आणि थर्मामीटर पुढे ठेवला. मामीने टाकी निवू दिली, रिकामी केली आणि साठवून ठेवलेल्या पाण्याने भरली. हीटर लावला, वायर लोंबती ठेवली, थर्मामीटर समोरच्या काचेला चिकटवला. पाणी सावकाश तापलं. मग तिने मासा सोडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर मासा वर येऊन दाणा ओरबाडत होता आणि मामी खुशीत होती. मामा कामावरून आला तशी ती म्हणाली, "अहो, प्लग काढलाय. हात घालून सांगा बघू किती आहे."

मामाने हात घातला. डोळे मात्र मिटले नाहीत; ते काचेवरच्या आकड्यावर होते. "सव्वीस."

मामीने थर्मामीटरवर पंजा ठेवला. "आकडा राहू दे. डोळे मिटून सांगा, मासा कुठल्या बोटाला ढुशी देतोय?"

मामाने डोळे मिटले, पण बोट सांगता येईना. मासा त्याच्या बोटांना ढुशा देत होता, तेही त्याला कळत नव्हतं. काल मला त्याच्यावर हसू येत होतं, आता हसू पळालं. हे हात रोज विजेच्या तारांत असतात.

"कधीपासून?" मामीने विचारलं.

"गेल्या थंडीपासून. बोटं बधिर झालीत. अंदाजाने सांगतो लोकांना." त्याने हात बाहेर काढून शर्टाला पुसला. "कुणाला कळलं तर काम कोण देईल गं?"

मामी रडेल असं मला वाटलं. ती भडकली.

"मासा मुका आहे म्हणून मी दिवसातून दहादा वाकून बघते त्याच्याकडे. तुम्हाला तोंड आहे ना? घरभर चालतं ते. मग हे एवढंच सांगायला काय झालं होतं?"

तिने मामाच्या पायाशी चपला आणून टाकल्या आणि त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली.