दुसऱ्या भागातला राजवैद्य

काल कपाट आवरताना ती जाडजूड कादंबरी हाती आली आणि पानांच्या दमट वासासरशी परदेशातला, बुकित पंजांगचा आमचा जुना फ्लॅट आठवला. सासूबाई गेल्यानंतर बाबा, म्हणजे माझे सासरे, प्रथमच पुण्याहून आमच्याकडे आले होते. दिवसभर खिडकीपाशी बसून येणारी-जाणारी एलआरटी, म्हणजे तिथली छोटी लोकल गाडी, बघायचे, बोलायचे मात्र फारसे नाहीत.

एका रविवारी दुपारी मी काळ्या जादूच्या, कटकारस्थानांच्या त्या लांबलचक कादंबरीमालिकेचा हाच दुसरा भाग वाचत होते. माझी लाडकी राणी मेली आणि मला रडूच फुटलं.

"काय झालं गं?" बाबांनी घाबरून विचारलं.

"राणीला विष घातलं, बाबा."

"कुणी?"

मग पहिल्या भागापासून सगळं सांगावं लागलं. मध्ये दोनदा चहा झाला.

"तो राजवैद्य फार गोड बोलतो," बाबा शेवटी म्हणाले. "त्यानंच केलं असणार."

पुढे खरोखरच वैद्य फितूर निघाला. ते ऐकून बाबा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. तेव्हा मला ते जिंकल्याचं हसू वाटलं. आता वाटतं, कुणीतरी आपल्यापाशी बसून गोष्ट सांगतंय, याचाच तो आनंद होता.

परत जाताना विमानतळावर त्यांनी विचारलं, "तिसरा भाग कधी येतोय?"

"पुढच्या वर्षी."

"मग मीही तेव्हाच येतो. एकटीनं वाचू नकोस."