वन्संना गाडी घ्यायची होती

दूध उतू जायच्या बेतात होतं, इस्त्री तापत होती आणि नवरा न्हाणीघरातून निळा शर्ट कुठाय म्हणून विचारत होता. म्हणजे घरातली सकाळ अगदी नेहमीसारखी चालली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेलचं बटण नाकासमोर असताना तळहातानं दार बडवणारी व्यक्ती या घराच्या माहितीत एकच होती.

"अहो, तुमच्या ताई आल्या," वहिनीनं न्हाणीघराच्या दिशेनं सांगितलं, गॅस बारीक केला आणि दार उघडलं.

दारात वन्सं. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. नवऱ्याची ही थोरली बहीण गावाबाहेर दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची आणि मधमाश्या पाळायची. फुलांच्या हंगामात माश्यांच्या पेट्या गाडीत घालून डोंगरावर न्यायची. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, बाजारातून साबण आणायचा राहून जावा तसं.

"बसनं आले," बूट काढत वन्सं म्हणाल्या. "बाळ्या उठला का? आज गाडीचा निकाल लावायचा. डोंगरावर फुलोरा सुरू झालाय, तो काही माझ्यासाठी थांबायचा नाही."

ज्याला त्या बाळ्या म्हणत त्याचं डोकं पांढरं झालं होतं आणि बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. पण बहिणीसमोर आला की त्याचं वय उतरायचं. आताही तो ओल्या केसांनी, बनियनवरच बाहेर आला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला, "ताई, पेट्रोल घे. मी सगळं बघून ठेवलंय."

सगळं म्हणजे फोनवरचे व्हिडिओ. वन्संच्या जुन्या डिझेल गाडीनं डोंगराच्या चढावर मान टाकल्यापासून घरात रोज जेवताना दोन माणसं फोनमधून भांडत होती, एक पेट्रोलच्या बाजूनं आणि एक डिझेलच्या. घास हातात धरून नवरा मध्येच "बरोबर आहे त्याचं" म्हणायचा. कुणाचं बरोबर, ते वहिनीनं विचारणं सोडून दिलं होतं.

"अहो साहेब, पेट्रोल कुठलं घेताय," कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारचे ड्रायव्हरकाका झाडांना पाणी घालत होते. उभी हयात त्यांनी बस चालवली होती, आणि डिझेलबद्दल कुणी वाकडं बोललं की ते मनाला लावून घ्यायचे. "डोंगर चढायचाय, वर पेट्यांचं ओझं. डिझेलला ओढ असते, ओढ. पेट्रोलचं इंजिन नुसतं ओरडतं."

"तो जमाना गेला काका. आता पेट्रोलमध्येही टर्बो असतो."

"असेल. माझ्या सासऱ्यांनाही कवळी होती. ऊस कुठे खाता येत होता?"

"अ‍ॅव्हरेजचं बोला मग," असं म्हणून नवऱ्यानं पाइप बंद करायला लावला, काकांनी तो पुन्हा सुरू केला, आणि बघता बघता दोघं असे जुंपले की गाडी यांच्यापैकीच कुणीतरी घेणार आहे असं रस्त्यावरच्या माणसाला वाटावं. वन्सं ओट्याला टेकून चहा पीत होत्या.

"वन्सं, तुम्हाला काय हवंय?" वहिनीनं विचारलं.

"साखर," त्या म्हणाल्या. "घातलीच नाहीस."

आता नणंदेच्या बोलण्याची ही तऱ्हा वहिनीला नवी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला या बाईचा धाक वाटायचा. पुढे लक्षात आलं की वन्सं ज्या गोष्टीवर विनोद करतात ती त्यांना खरी टोचत असते. त्यामुळे साखर देताना तिनं एकदा त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, वन्सं उभ्याच होत्या. पूर्वी आल्या की सरळ जमिनीवर फतकल मारायच्या.

शोरूममध्ये चौघंही गेले. ड्रायव्हरकाकांना कुणी बोलावलं नव्हतं, पण ते झाडांना पाणी घालायचं अर्धवट टाकून, स्वच्छ शर्ट घालून, रिक्षात आधीच बसले होते.

शोरूम म्हणजे काचेचा डबा. फरशी इतकी गुळगुळीत की वन्संच्या बुटांचे ठसे दारापासून काउंटरपर्यंत उमटत गेले आणि एक बाई पोछा घेऊन मागोमाग पुसत आली. टाय लावलेल्या विक्रेत्यानं हात जोडले आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "सर, गाडी घरच्या वापरासाठी की हौसेसाठी?"

"माश्यांसाठी," वन्सं म्हणाल्या.

विक्रेत्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो नव्या आदरानं बोलू लागला, मात्र एक पाऊल मागे सरकून.

गाडी नवऱ्याला आणि काकांना, दोघांनाही पसंत होती. उंच, चौकोनी, चारही चाकांना ताकद देणारी, मागे पेट्यांना ऐसपैस जागा. प्रश्न फक्त बॉनेटखाली काय हवं हा होता. आधी डिझेल चालवून बघायचं ठरलं. शोरूममागे डोंगराकडे जाणारा खडीचा रस्ता होता. वन्सं स्टिअरिंगला, शेजारी विक्रेता, मागे बाकीचे तिघं दाटीवाटीनं. इंजिन सुरू झालं आणि ड्रायव्हरकाकांच्या चेहऱ्यावर नातू झाल्यासारखा आनंद पसरला. चढावर गिअरही न बदलता गाडी खालच्या आवाजात गुरगुरत वर गेली.

"बघा," काका म्हणाले. "बघा."

परत आल्यावर सगळे उतरले. वन्सं बसूनच राहिल्या.

"सीट आवडली," त्यांनी काचेतून सांगितलं. मग दाराची वरची कड धरली, एक पाय बाहेर टाकला, थांबल्या, आणि पेटीतली पोळ्याची चौकट काढावी तशा सावकाश स्वतःला बाहेर काढत उतरल्या. नवरा आणि काका तोवर बॉनेट उघडून आत डोकं घालून होते. वहिनीनं बघितलं.

मग पेट्रोल. ही गाडी सुरू झाली हे कळायलाच क्षणभर लागलं. त्याच खडीवरून ती गेली, चढावर थोडी ओरडली, एकदा खालचा गिअर मागून घेतला, पण गेली. परतताना विक्रेत्यानं ऐटीत सांगितलं, "मॅडम, आता ब्रेक दाबून थांबा." वन्सं थांबल्या. इंजिन आपोआप बंद पडलं. "पाय काढला की पुन्हा सुरू. इंधनाची बचत. नको असेल तर हे बटण आहे, पण गाडी नव्यानं सुरू केली की दर वेळी दाबावं लागेल."

वन्संचा चेहरा पडला. पण उतरल्या मात्र टुणकन, कशालाही न धरता.

नवरा आणि काका पुन्हा भांडायला लागल्यावर वहिनीनं नणंदेला हाताला धरून गाड्यांच्या मागे नेलं.

"वन्सं, कंबर कधीपासून दुखतेय?"

"कुठली कंबर?"

"तुमच्याकडे किती आहेत?"

वन्संनी आधी इकडे तिकडे बघितलं. मग हळूच हसल्या. "मागच्या हंगामापासून. जुन्या गाडीनं हादरे देऊन देऊन पार खिळखिळी केलीय. डिझेलमध्ये बसले की अजून धरते, खोटं कशाला सांगू. पण बाळ्याला बोलायचं नाही हां. तो आजच्या आज मागची खोली रिकामी करायला घेईल."

हे खरं होतं. 'ताई, पेट्या विकून टाक आणि इकडे राहायला ये' हे नवऱ्याचं पालुपद होतं. मायेपोटीच म्हणायचा. पण पेट्या विकलेल्या वन्सं मागच्या खोलीत दिवसभर काय करतील, हा विचार त्यानं केला नव्हता. वहिनीनं केला होता. आठवडाभरात त्या स्वयंपाकघराची नव्यानं मांडणी करतील आणि महिनाभरात आपण दोघी एकमेकींशी फक्त नवऱ्यामार्फत बोलू, हे तिला स्वच्छ दिसत होतं. वन्सं तिला फार प्रिय होत्या, आणि पुढेही तशाच राहाव्यात असं तिला वाटत होतं.

"मग पेट्रोल घ्या की. अडलंय कुठे?"

"माश्यांशी," वन्सं म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुझ्या नवऱ्यानं काय केलं होतं ते विसरलीस?"

ते विसरणं कुणालाच शक्य नव्हतं. पेट्या हलवताना गाडीचं इंजिन चालूच ठेवायचं, ही वन्संची शिस्त. तळाला बारीक थरथर लागत राहिली की माश्या पेटीत चिकटून गप्प बसतात. ती थांबली की काय झालं ते बघायला बाहेर येतात. गेल्या हंगामात नवरा मदतीला म्हणून डोंगरावर गेला होता. ताई पेट्या उतरवते आहे आणि गाडी उगाच धडधडते आहे हे बघून त्याचा जीव तळमळला, आणि डिझेल वाचवायला त्यानं किल्ली फिरवली. एका जुन्या झाकणाला फट होती. नवरा घरी आला तेव्हा त्याच्याच दुकानातला एकही चष्मा त्याच्या कानांवर बसेना.

"ही पेट्रोलची बाई फारच सोज्वळ आहे," वन्संनी गाडीवर थोपटलं. "थरथरतच नाही. त्यातून थांबले की बंद पडते. म्हणजे माझी कंबर म्हणते ही घे, आणि माश्या म्हणतील ती घे. माश्यांचं ऐकलं तर दोन हंगामांत मी मागच्या खोलीत. कंबरेचं ऐकलं आणि वाटेत पोळं उठलं, तरी मागच्या खोलीतच."

"ते इंजिन बंद पडायचं बटणानं थांबवता येतं म्हणाला ना तो?"

"येतं. दर वेळी दाबेन, बोटं शाबूत आहेत अजून. पण थरथरीचं काय?"

वहिनीनं विक्रेत्याला हाक मारून गाडी उभ्या उभ्या सुरू ठेवायला आणि मागचं दार उघडायला सांगितलं. वन्संनी वाकून, म्हणजे जेवढं वाकता आलं तेवढं वाकून, मागच्या पत्र्यावर तळहात टेकवला आणि डोळे मिटले. विक्रेता अदबीनं हात बांधून उभा राहिला. देवधर्माचं काहीतरी चाललं असावं असा त्याचा समज झालेला दिसला.

"आहे," बऱ्याच वेळानं वन्सं म्हणाल्या. "अगदी बारीक आहे, पण आहे. मला कळतेय. त्यांना कळेल की नाही, देव जाणे."

वहिनीनं आपलाही हात टेकवून बघितला. तिला काहीच कळलं नाही, पण "आहे हो" म्हणाली.

तोवर बाकीची मंडळी येऊन पोचली. "ठरलं," नवऱ्यानं जाहीर केलं. "काकांना पटलंय. पेट्रोल."

"मी एवढंच म्हणालो की रंग बरा आहे," काका म्हणाले. "डिझेलच घ्यायचं."

"मग, सर, कोणती बुक करू?" विक्रेत्यानं पुन्हा नवऱ्यालाच विचारलं. नवऱ्यानं तोंड उघडलं.

"अहो," वहिनी म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला ते 'अहो' कुठलं आहे हे कळतं. "चालवायची त्यांना आहे. त्यांना विचारू द्या काय विचारायचंय ते."

नवऱ्यानं तोंड मिटलं. काकांनी, कुणी काही न म्हणताच, आपलंही मिटलं. शोरूमच्या आवारात पहिल्यांदाच इतकी शांतता झाली की पेट्रोलचं इंजिन ऐकू यायला लागलं.

वन्सं सावकाश सरळ झाल्या, जाकीट खाली ओढलं आणि विक्रेत्याकडे वळल्या.

"दादा, मला ही पेट्रोलची गाडी उद्या सकाळी तासभर द्या. मागे माश्यांनी भरलेली एक पेटी ठेवून मला डोंगराच्या रस्त्यानं एकटीनं एक फेरी मारायची आहे."